मधुमेह आणि चिकित्सेचे चार पाद

(मंडळाच्या नंदुरबार येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या मेळाव्यात आरोग्याच्या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि शाळामास्तरकीत हयात घालविलेला मनुष्य. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार माझा नव्हे, आणि तो मी घेणारही नाही. परंतु मधुमेह हा असा एक रोग आहे की, त्याच्या उपचारात शिकविणे व शिकणे यांना औषधाइतकेच महत्त्व आहे. शिकविणे हा माझ्या जन्माचा व्यवसाय. तेव्हा या विषयाच्या तेवढ्या बाजूवर बोलण्यास मला कोणी मज्जाव करणार नाही, असे वाटते.

आजचे माझे सांगणे एका वाक्यात मांडता येईल. मधुमेहाच्या रोग्यास एक विश्वासाचा घरचा डॉक्टर हवा, रोज कसे वागावे हे शिकविणारा एक जाणता शिक्षक हवा, आणि या दोघांचे एकमेकांशी बोलणे हवे. यांपैकी पहिला आपल्याकडे आहे. दुसरा जवळजवळ नाही. तो आपल्या मंडळाने निर्माण करावा, एवढ्यासाठीच मी आज उभा आहे.

रोगाचे स्वरूप

प्रथम रोगाची व्याप्ती पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. हा श्रीमंत शहरवासीयांचा रोग, अशी जी आपली जुनी समजूत होती, ती आता सोडून दिली पाहिजे. आपल्या घरांतील गेल्या दोन पिढ्यांकडे पाहा. ज्या आजोबांनी तापीकाठच्या काळ्या जमिनीत उन्हातान्हात औत हाकले, त्यांचा नातू गल्ल्यावर बसतो आणि दोनशे पावलांवरच्या देवळात मोटारसायकलने जातो. दादरच्या किंवा कळण्याच्या भाकरीची जागा पोळी-भाताने घेतली. शेव, बिस्किटे आणि दिवसाचे सात-आठ चहा वर आले. अंग हलेनासे झाले आणि जेवण मात्र औत हाकणाऱ्याचेच राहिले.

“मी तर अंगाने बारीक, मला कशाचा मधुमेह?” असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र छापून एक टिपण लिहिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची शेकडा ९.१ आणि आपल्या याज्ञिकांची शेकडा २१.२ भरली. दिसायला सडपातळ, आतून मात्र मेदयुक्त, अशी आपल्या लोकांची ठेवण आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व बालकांचा याज्ञिकांनी १९९३ पासून जो अभ्यास चालविला, त्यात ही ठेवण जन्मतःच दिसून आली. कमी वजनाचे मूल पुढे चांगल्या दिवसांत वाढले, म्हणजे त्यास मधुमेहाचा धोका अधिक. आपल्या जिल्ह्यात कमी वजनाची मुले किती जन्मतात, हे आपणांस मी सांगावयास नको. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, बारीक असो वा स्थूल, रक्तातील साखर तपासून घ्यावी.

प्राचीनांचे मत

आपल्या प्राचीन आचार्यांना हा रोग ठाऊक होता. सुश्रुताने प्रमेहाचे दोन भेद केले: एक जन्मजात, ज्यात रोगी कृश असतो, दुसरा अपथ्यामुळे उद्भवणारा, ज्यात तो स्थूल असतो. आजच्या शास्त्रातील पहिल्या व दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी हे वर्गीकरण किती जुळते, हे पाहून नवल वाटते. निर्धन रोग्याने योजनेच्या योजने चालावे, विहीर खणावी, असा उपायही सुश्रुताने सांगितला आहे. विहीर आज यंत्र खणते. चालणे मात्र अजून आपल्या स्वाधीन आहे.

परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते चरकाचे एक वचन. चिकित्सेचे चार पाद त्याने सांगितले: वैद्य, औषध, उपस्थाता आणि स्वतः रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ राहून त्याची काळजी वाहणारा जाणता मनुष्य. रोग्याचे गुणही चरकाने सांगितले आहेत. त्याला स्मरण असावे, सांगितलेले त्याने करावे, भिऊ नये आणि आपल्याला काय होते ते त्याला नीट सांगता यावे. चार पायांच्या बाजेचा एक पाय मोडला तर तिच्यावर निजणारा खाली येतो. आपल्याकडे वैद्य आहे, औषधही आहे. तिसरा पाय नाही, आणि तो नसल्यामुळे चौथाही लटपटतो.

वेळेचा हिशेब

आता मास्तराच्या सवयीप्रमाणे थोडे गणित मांडतो. मधुमेहाचा रोगी दरमहा न चुकता डॉक्टरांकडे गेला आणि प्रत्येक वेळी त्यास दहा मिनिटे मिळाली, असे समजू. वर्षाकाठी झाले दोन तास. वर्षाचे एकंदर तास ८,७६०. उरलेल्या ८,७५८ तासांत काय खावे, किती चालावे, गोळी जेवणाआधी की नंतर, सुई कोठे टोचावी, चक्कर आली तर काय करावे, पायाला फोड आला तर काय करावे, हे सारे त्या रोग्याला आणि त्याच्या घरच्या माणसांनाच ठरवावे लागते. इतर रोगांत डॉक्टर उपचार करतो. या रोगात तो उपचार सांगतो आणि करावयाचा असतो रोग्याने.

डॉक्टरांस मी दोष देत नाही. शहाद्याला किंवा तळोद्याला कोणत्याही दवाखान्यात सकाळी डोकावून पाहा. बाकड्यावर रांग, दाराशी तापाने फणफणलेली मुले, कोणी विंचू चावलेला, कोणी बाळंतीण. त्या गर्दीत मधुमेहाच्या रोग्याची पाळी येते. डॉक्टर विचारतात, “कसे काय?” रोगी म्हणतो, “बरं शे.” या दोन शब्दांत भेट आटोपते. पाय बधिर झाल्याचे तो सांगत नाही, कारण ते मधुमेहामुळे होते हे त्याला माहीत नसते. पैशांअभावी गोळ्या एकाआड एक दिवस घेतो हेही तो सांगत नाही, कारण लाज वाटते. डॉक्टर कागदावरचा आकडा पाहतात आणि गोळी वाढवितात.

येथे मधुमेह-शिक्षकाचे काम सुरू होते. हा शिक्षक म्हणजे डॉक्टर नव्हे. परिचारिका, आहारतज्ज्ञ, औषधनिर्माता किंवा तत्सम शिक्षण झालेली व्यक्ती या विषयाचा खास अभ्यास करून हे काम करते. ती रोग्याशी अर्धा-पाऊण तास त्याच्या बोलीत, अहिराणीत, गुजरीत, भिलोरीत बोलते. त्याच्या ताटात काय पडते ते विचारते. सुई धरून दाखविते आणि मग त्याच्याकडून करवून घेते. शिक्षकबंधूंना हे मर्म ठाऊक आहे. पाढा एकदा सांगून पाठ होत नाही. तो उलट विचारावा लागतो आणि पुन्हा पुन्हा घोकवून घ्यावा लागतो.

चार उदाहरणे

दोघांनी मिळून काम केल्याने काय साधते, ते वानगीदाखल चार उदाहरणांनी सांगतो.

पहिले उदाहरण सुईच्या जागेचे. इन्शुलिन घेणारा रोगी सोयीची म्हणून पोटावर एकाच जागी वर्षानुवर्षे टोचत राहतो. तेथे कातडीखाली चरबीची गाठ बनते. त्या गाठीत टोचलेले औषध नीट शोषले जात नाही व साखर चढीच राहते. डॉक्टर आकडा पाहून मात्रा वाढवितात. शिक्षिका मात्र पोटावरून हात फिरवून पाहते आणि गाठ तिच्या बोटांना लागते. आता तिने रोग्यास नुसते “जागा बदला” एवढेच सांगितले, तर अनर्थ ओढवेल. कारण चांगल्या जागी तीच वाढलेली मात्रा पुरी लागू पडून साखर एकाएकी घसरेल. म्हणून तिने आधी डॉक्टरांस कळवावयाचे, त्यांनी मात्रा कमी करून द्यावयाची, आणि मग जागा बदलावयाची. एकट्या डॉक्टरास गाठ सापडली नसती. एकट्या शिक्षिकेस मात्रा ठरविता आली नसती.

दुसरे उदाहरण पिचकारीचे. आपल्या देशात एका मिलिलिटरमध्ये ४० एकके असलेले इन्शुलिन मिळते आणि १०० एककांचेही मिळते. ४० च्या पिचकारीचे टोपण लाल असते, १०० च्या पिचकारीचे नारिंगी. १०० चे औषध चुकून लाल टोपणाच्या पिचकारीत दहाच्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात दहाऐवजी पंचवीस एकके जातात. शहरातल्या मुलाने पाठविलेली बाटली आणि गावच्या दुकानातील पिचकारी यांची अशी जोडी सहज जमते. बाटली व पिचकारी शेजारी ठेवून आकडा वाचावयास शिकविणे, हे पाच मिनिटांचे काम आहे. त्या पाच मिनिटांवर एक जीव अवलंबून असतो.

तिसरे उदाहरण व्रतवैकल्यांचे. श्रावण, नवरात्र, एकादशी ही आपल्या घरांची परंपरा, आणि ती मोडा असे मी म्हणणार नाही. परंतु साखर झपाट्याने उतरविणारी गोळी सकाळी घ्यावयाची आणि दिवसभर पोट रिकामे ठेवावयाचे, म्हणजे घाम, थरथर, भोवळ आणि प्रसंगी बेशुद्धी. उलट, उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि भगर भरपूर खाल्ली तर साखर चढते. कोणत्या घरात कोण कडक उपवास करते, हे शिक्षिकेस ठाऊक असते. तिने श्रावणापूर्वीच डॉक्टरांस यादी द्यावी आणि त्यांनी त्या दिवसांपुरती औषधाची वेळ व मात्रा बदलून द्यावी. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी, पुष्कळदा अनवाणी, जाणाऱ्या आपल्या बंधुभगिनींचेही तसेच. ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे, त्याला तापलेल्या डांबराचा चटका कळत नाही. फोड फुटून पाय पिकल्यावर कळते. निघण्यापूर्वी नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याची संवेदना तपासता येते. ज्याची ती गेली असेल, त्याने पादत्राणे घालूनच जावे. आई आपल्या लेकराचा पाय मागत नाही.

चौथे उदाहरण खास आपल्या जिल्ह्याचे आहे. माझ्या नोकरीची काही वर्षे अक्राणी तालुक्यात गेली. सातपुड्यातील भिल्ल व पावरा बांधवांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग बराच आढळतो, हे तेथे जवळून पाहिले. मधुमेहात तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी एचबीएवनसी नावाची तपासणी करतात. परंतु सिकलसेलच्या रोग्याच्या रक्तपेशी लवकर नष्ट होत असल्याने त्याचा हा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. नुसत्या वाहकाच्या बाबतीतही तो तपासणीच्या पद्धतीनुसार चुकू शकतो. कागद सांगतो ‘सर्व ठीक’, आणि आत साखर चढलेली असते. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेस या घराची माहिती नसते. गावातील शिक्षिकेस ती असते. तिने वहीत ‘घरात सिकलसेल आहे’ एवढे लिहिले, तर डॉक्टर साध्या रक्तशर्करेवरून उपचार ठरवितील. आपल्या शेतावरचा सालदार, आपला शेजारी, आपल्या शाळेतील विद्यार्थी ही सारी आपलीच माणसे आहेत. तेव्हा ही सेवा ज्ञातीच्या कुंपणात अडवून ठेवू नये, अशी माझी प्रार्थना आहे.

अन्यत्र काय झाले

ही कल्पना नवी नव्हे. कॅनडातील टोरांटो येथे १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास प्रथम इन्शुलिन टोचण्यात आले आणि मरणाच्या दारातील मुले जगू लागली. परंतु औषध हाती आल्याबरोबर प्रश्न उभा राहिला की, ते घरी रोज टोचावयाचे कोणी व कसे? अमेरिकेत बॉस्टन शहरी इलियट जोसलिन नावाचे डॉक्टर होते. डॉक्टर व रोगी या दोघांसाठी मिळून एकच मार्गदर्शक पुस्तक त्यांनी १९१८ सालीच लिहिले होते. पुढे त्यांनी परिचारिका तयार केल्या आणि त्यांना रोग्यांच्या घरोघरी पाठवून सुई, आहार, पायांची निगा हे सारे शिकविण्याची प्रथा पाडली.

आपल्या महाराष्ट्रातही उदाहरण आहे. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ‘ड्रीम ट्रस्ट’ स्थापन केला. गरीब घरांतील मधुमेही मुलांस इन्शुलिन व पिचकाऱ्या मोफत द्यावयाच्या आणि त्यांना व त्यांच्या आईबापांना शिकवून शहाणे करावयाचे, हे त्याचे कार्य. विदर्भातील उन्हाळ्यात, वीज नसलेल्या झोपडीत इन्शुलिन टिकावे म्हणून मातीच्या मडक्याचा उपाय तेथे शिकविण्यात आला. आपल्या मोलगी-धडगावकडील घरांना हे उदाहरण घेण्यासारखे आहे.

“हे सारे ठीक, पण याने खरोखर फरक पडतो का?” असे कोणी विचारील. विचारणे योग्यच आहे. भारत व पाकिस्तानातील दहा मधुमेह-चिकित्सालयांत १,१४६ रोग्यांवर एक प्रयोग झाला व तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रोग्यांस नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना डॉक्टरांच्या जोडीस एक मदतनीस-समन्वयक मिळाला आणि डॉक्टरांपुढे रोग्याची सर्व नोंद व योग्य वेळी सूचना देणारी संगणकाची सोय झाली. सुमारे सव्वादोन वर्षांनी पाहिले तेव्हा साखर आणि तिच्या जोडीला रक्तदाब किंवा रक्तातील चरबी ताब्यात आलेले रोगी पहिल्या गटात शेकडा ८ होते, दुसऱ्यात शेकडा १८. दुपटीहून अधिक. अर्थात शंभरांतील ब्याऐंशी तेथेही मागेच राहिले, हे मी लपविणार नाही. हा मार्ग जादूचा नाही, कष्टाचा आहे. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी पत्रके वाटणाऱ्यांकडे मात्र असा एकही हिशेब नसतो. त्यांच्या सांगण्यावरून जन्मभर इन्शुलिन लागणाऱ्या मुलाची सुई थांबविणे म्हणजे त्या मुलाचा घात करणे होय.

सरकारी व्यवस्थाही आज उभी आहे. मधुमेहादी रोगांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. २०१८ पासून उपकेंद्रांच्या ठिकाणी आरोग्यवर्धिनी केंद्रे निघाली. त्यांना २०२३ साली ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतो. गावातील आशाताई तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची माहिती एका तक्त्यात भरते व धोका अधिक असलेल्यांस तपासणीस पाठविते. परंतु आपल्यातील पुष्कळांना त्या केंद्राची पायरी चढणे कमीपणाचे वाटते. आशाताई दारी आली तर “आमच्याकडे सर्व ठीक” म्हणून तिला परत लावतात. ज्ञान कोणाच्या हातून येते, यावरून त्याची किंमत ठरत नाही.

सहकार्याचे नियम

डॉक्टर आणि शिक्षक यांचे नाते कसे असावे, याविषयी काही मर्यादा स्पष्ट असाव्यात. औषधाची मात्रा ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांचा. शिक्षिकेने तो कधीही आपल्याकडे घेऊ नये. डॉक्टरांनीही तिने सांगितलेले रोग्यादेखत खोडून काढू नये. मतभेद असेल तर दोघांनी आपसांत बोलावे, कारण दोन तोंडांनी दोन गोष्टी ऐकल्या की रोगी तिसरीच करतो. प्रत्येक रोग्याची एकच वही असावी. तीत साखर, रक्तदाब, वजन, पायांची स्थिती आणि वर्षातून एकदा झालेली डोळ्यांच्या पडद्याची व मूत्रपिंडाची तपासणी, हे सर्व दोघांनीही लिहावे. आठवड्यातून एकदा पाव तास दोघांनी त्या वह्या पुढे घेऊन बसावे. पायाची जखम, सतत उलट्या, एकाएकी अंधुक दिसणे, छातीत दुखणे यांपैकी काहीही आढळल्यास शिक्षिकेने उपदेश करीत न बसता तत्काळ डॉक्टरांकडे पाठवावे. आणि शेवटचे म्हणजे, शिक्षिकेने कोणतेही चूर्ण, यंत्र वा पादत्राण विकू नये. विकणाऱ्याचा सल्ला हा सल्ला राहत नाही.

घरच्या माणसांनी निदान एवढे तरी पाठ करावे. साखर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हात कापू लागले, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे व मग काही खावयास द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. तडक रुग्णालय गाठावे.

एक नाजूक गोष्ट

आता जे बोलणार आहे, ते काहींना रुचणार नाही. तरी बोलणे भाग आहे. ज्या स्मरणिकेत हे भाषण छापले जाईल, तिच्यातच विवाहेच्छु मुलामुलींची यादी असते. लहानपणापासून इन्शुलिन घेणारी मुलगी घरात असली की, आईबाप ही गोष्ट लपवितात. मंडळाच्या दवाखान्यातही तिला नेत नाहीत, कारण चार माणसे पाहतील. लग्न होते. सासरी ती बाटली कपड्यांच्या घडीत दडवून ठेवते, न्हाणीघरात चोरून टोचते आणि पाहुणे असले की एखादी वेळ चुकविते. अशा चुकलेल्या वेळांनीच मुली अत्यवस्थ होऊन रुग्णालयात जातात. मग लपविल्याचा राग, अबोला, माहेरी पाठवणी!

बंधूंनो, नीट औषध घेणारी अशी मुलगी शिकते, नोकरी करते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईही होते. दोष तिच्यात नाही. तो आपल्या नजरेत आहे. आईबापांनी सत्य सांगावे आणि वरपक्षाने ते ऐकून घेण्याइतके मन मोठे करावे. शिक्षिकेवरही याचा एक भार आहे. तिला समजलेली गोष्ट डॉक्टरांपलीकडे कोणास कळता कामा नये, मंडळाच्या चिटणीसासही नाही. ज्या दिवशी तिच्या वहीतील अक्षर पंगतीत चर्चिले जाईल, त्या दिवशी तिच्याकडे कोणी येणार नाही.

पंगतीचाच विषय निघाला म्हणून सांगतो. आखाजीला आमरस-पुरणपोळी, कानबाईचे रोट, लग्नाचे मांडे हे आपले वैभव आहे. मधुमेह्याने त्यातले बिलकूल खाऊ नये असे नाही. किती खावे ते शिक्षिका व डॉक्टर ठरवून देतात. पण आपला आग्रह! “एका जिलबीने काय होते?” असे म्हणत पाच माणसे एकेक वाढतात आणि प्रत्येकाला वाटते, आपण एकच वाढली. हा आग्रह आपण प्रेमाने करतो, हे खरे. आता त्या प्रेमापोटीच तो आवरावयास हवा.

विनंती

अध्यक्षमहाराज, आपल्या विचारार्थ तीन सूचना मांडतो. पहिली, मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी परिचर्या किंवा आहारशास्त्र शिकलेल्या आपल्या दोन लेकी-सुनांना मधुमेह-शिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी पाठवावे. पुणे, मुंबई, चेन्नई अशा शहरांतील मधुमेह-संस्थांत असे शिक्षण मिळते. दुसरी, त्या परत आल्यावर नंदुरबार, शहादा, तळोदे, नवापूर येथील आपल्या विश्वासातल्या डॉक्टरांना मंडळाने विनंती करावी की, आठवड्यातून एक दिवस त्यांना दवाखान्यात एक खुर्ची द्यावी. त्यांचे मानधन मंडळ देईल; रोग्यास काही पडणार नाही, मग तो कोणत्याही जातीचा असो. तिसरी, मी वर्णन केली तशी वही मंडळाने छापावी. या छपाईस माझ्या निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपये आजच देत आहे.

आपल्यातील किती घरे मूत्रपिंडाच्या उपचारासाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा गाडी करून जातात, किती जणांच्या पायांची बोटे गेली, किती वडीलधाऱ्यांना नातवाचे तोंड दिसेनासे झाले, हे मोजून दाखविण्याची गरज नाही. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एखादे नाव उभे राहिलेच असेल. त्यांतील पुष्कळांचे हाल वेळीच शिकविले असते तर टळले असते. आमच्या पिढीने या जिल्ह्यात गावोगाव शाळा काढल्या, अक्षरओळख झाली. आता आपल्याच शरीराची ओळख करून देणारी ही दुसरी शाळा काढण्याची वेळ आली आहे. तिला इमारत लागत नाही. एक खुर्ची, एक वही, एक जाणती शिक्षिका आणि तिचे ऐकून घेणारा डॉक्टर एवढे पुरे.

माझे बोलणे लांबले, त्याबद्दल क्षमा असावी. सूचनांवर आजच्याच सभेत ठराव व्हावा अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!